दुधाच्या वेळेचा फळा

१६ सप्टेंबर, सोमवार

ही वही मी रागाच्या भरात विकत आणली. करिश्माचं म्हणणं असं की दर पंधरवड्याला आम्ही झालेल्या कामाकडं मागं वळून बघायला बसतो, तेव्हा दुसरे काय चुकले ते गौतमीला, म्हणजे मला, पाठ असतं आणि स्वतः काय बोलली ते आठवत नाही. म्हटलं थांब, लिहूनच ठेवते. बघू कोण विसरतंय.

तर लेखी नोंद. आम्ही तिघं. शिरूरला एसटी स्टँडच्या मागं, टायरच्या दुकानावर एक खोली, तीन टेबलं, एक पंखा. सम्राट माझ्या मावशीचा मुलगा, सर्व्हरचं सगळं तो बघतो. करिश्मा निमोण्याची, स्क्रीन कशी दिसावी ते ती ठरवते आणि झालेलं काम तपासतेही. लोकांशी बोलायचं आणि पुढं काय करायचं ते ठरवायचं काम माझ्याकडं. म्हणजे बोलणी खायचं काम माझ्याकडं.

आमच्या ॲपचं नाव भरगाडी. माझ्या गावात, वडगाव रासाईत, भाजीवाल्या आणि झेंडूवाल्या अठ्ठावन्न शेतकऱ्यांचा गट आहे. रोज संध्याकाळी सगळ्यांचा माल प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये भरून टेंपोनं पुण्याच्या मार्केट यार्डात जातो. कुणाचे किती कॅरेट, हे आजवर आमचे म्हाळू आबा दूध डेअरीच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचे आणि टेंपोवाल्या दत्ताला सांगायचे. आता शेतकऱ्यानं मोबाईलवर आकडा टाकायचा, दत्ताच्या मोबाईलवर आपोआप यादी जाणार. त्यावरून त्यानं किती टेंपो आणायचे ते ठरवायचं. खडू नको, फळा नको.

गटाच्या अध्यक्ष मालनबाई. त्यांनी सरळ सांगितलंय, दसऱ्यापर्यंत वापरून बघतो, रविवारी तेरा ऑक्टोबरला बैठकीत ठरवतो. ठेवायचं का काढायचं. नदीपलीकडचा, दौंड तालुक्यातल्या भांडगावचा गटही त्या दिवशी येणार आहे, आणि वडगाव जे करेल तेच ते करणार. वडगावनं नाही म्हटलं तर आमच्याकडं दुसरं काम नाही. खोली सोडायची, आणि मी जूनमध्ये सोडलेल्या पुण्याच्या नोकरीसारखी दुसरी शोधायची. आईला मी ठणकावून सांगितलंय की मी परत जाणार नाही. आईनं विचारलं, बरं, रात्री जेवायला तरी येणार का.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज चिठ्ठ्यांवरून वादावादी. आमच्या भिंतीवर पांढऱ्या चिठ्ठ्या असतात, ॲपनं काय काय करायचं त्याच्या. आकडा घेणे, यादी पाठवणे, असं. करिश्मा मात्र पिवळ्या लिहीत सुटलीय. ते काम किती नीट झालं पाहिजे त्याच्या. उन्हात दिसलं पाहिजे. रेंज गेली तरी आकडा हरवता कामा नये. चष्मा नसला तरी वाचता आलं पाहिजे. पुस्तकात याला नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट असं भारदस्त नाव आहे. पंधरा दिवसांत मावेल एवढंच काम घ्यायचं अशी आमची पद्धत, आणि पांढऱ्याच चिठ्ठ्यांनी पंधरवडा भरून वाहतो. सम्राटचं म्हणणं, आधी चालू दे, मग पळू दे. मलाही पटलं. शिवाय पिवळ्या चिठ्ठ्या पंख्यानं उडून खोलीभर होतात. मी त्या गोळा करून आईच्या चकलीच्या रिकाम्या डब्यात घातल्या आणि डब्यावर ‘नंतर’ असं लिहिलं. करिश्मा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. त्यामुळं काम पुष्कळ झालं.

दुपारी मालनबाईंना ॲप दाखवलं. खोलीत एकदम झकास चाललं. त्यांनी मोबाईल हातात घेतला, गॅलरीत गेल्या, ऊन होतं तिथं धरून बघितला, डोळ्यांवर हात धरून बघितला, आणि आत येऊन परत दिला. विचारलं, असंच दिसतं का. मी म्हटलं, ब्राइटनेस वाढवायचा. त्या मान हलवून बसल्या, चहा घेतला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. बहुतेक भारावल्या असाव्यात.

२२ सप्टेंबर, रविवार

भरगाडी सुरू! सकाळी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न मोबाईलांवर ॲप टाकून दिलं. सोपानरावांनी दोनदा टाकून घेतलं, एकदा स्वतःच्या आणि एकदा सुनेच्या.

मग डेअरीवर गेले. म्हाळू आबा माझ्या वडिलांचे चुलते, आमच्याच घरी राहतात. रांजणगावच्या एका कंपनीत तीस वर्षं स्टोअरकीपर होते, आता रिकामं बसवत नाही म्हणून डेअरीवर दुधाची फॅट काढायला बसतात. मी जय भीम घातला आणि लगेच मुद्द्यावर आले, की आबा, आता फळा काढून टाका. लोकांना दोन वाटा दिसल्या तर नवी वाट कोण धरणार?

आबा म्हणाले, “फळा काय भाकर मागतो का, गौतमे? राहू दे की.”

मी तापले. त्या फळ्यात आहे काय? एवढाली अक्षरं, रस्त्यापलीकडच्या वडाखालून वाचता येतात. कुणाचे किती कॅरेट ते सगळ्या गावाला दिसतं. ना पासवर्ड, ना काही. सकाळी पुसला की संपलं. वीज असो नसो, पाऊस असो नसो, आपला तिथंच लटकलेला. एकविसाव्या शतकात असं चालतं का? आबा ऐकून घेत होते आणि खडूला टोक काढत होते.

२५ सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस झाले. एकही कॅरेट मागं राहिला नाही! पूर्वी आठवड्यातून एखाद्याचे पाच-सात तरी राहायचे आणि भांडणं व्हायची. आता शून्य. मी भिंतीवर मोठ्ठं शून्य काढून चिकटवलं.

सम्राटला मात्र आनंद पचत नाही. तो म्हणे काल ॲपात तीनशे चाळीस कॅरेट होते आणि दत्तानं भरले चारशे बारा, वरचे बहात्तर कुठून आले. मी त्याला समजावलं, की तू शिरूरमध्ये वाढलास, तुला शेतकरी माहीत नाही. आपली माणसं आकडा नेहमी हातचा राखून सांगतात. आणि दत्ता अनुभवी गडी, तो जागा जास्त धरूनच येतो. सम्राट म्हणाला, रोज बरोबर तेवढीच जास्त? मी म्हटलं, अनुभव.

आणखी एक. आबांचा फोन रोज सव्वासहापासून पावणेसातपर्यंत बिझी. त्यांच्या गोळ्या शिरूरहून आणायच्या असतात म्हणून मी विचारायला लावते, तर लागतच नाही. आज घरी जाऊन विचारलं तर म्हणाले, दौंडकडं बोलत होतो. आई लगेच चुलीकडं वळली आणि खोकली. मला सगळं समजलं. दौंडकडचं एखादं स्थळ बघतायत माझ्यासाठी. मी जेवताना स्पष्ट सांगितलं की माझं लग्न बैठकीनंतरचा विषय आहे. आबा म्हणाले, बरं. आई म्हणाली, वांगं घे.

२८ सप्टेंबर, शनिवार

नवा पंधरवडा, नव्या चिठ्ठ्या. मी एक फर्स्टक्लास कल्पना काढली. शेतकऱ्यानं आकड्यासोबत मालाचा फोटो टाकायचा. टपोरा झेंडू, हिरवीगार कोथिंबीर. बैठकीत भांडगावच्या लोकांना पडद्यावर दाखवायला काय शोभेल! सम्राट म्हणाला फोटो जड असतात. मी म्हटलं, झेंडू हलका असतो. पांढरी चिठ्ठी, सगळ्यात वर.

करिश्मानं पुन्हा दोन पिवळ्या पुढं सरकवल्या. एक, ओल्या आणि चिकट हातानं चाललं पाहिजे. दुसरी, संध्याकाळी सगळे एकदम आले तरी बंद पडता कामा नये. आता सगळे एकदम कशाला येतील? सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत कधीही आकडा टाकायची सोय आपण दिलीय. तेरा तास! अठ्ठावन्न माणसं तेरा तासांत पसरली तर एका तासाला पाचसुद्धा येत नाहीत, तेवढ्यानं माझा जुना लॅपटॉपही दमणार नाही. गणित करून दाखवलं. करिश्मा म्हणाली, हे गणित गावाला सांगितलंयस का? दोन्ही चिठ्ठ्या डब्यात.

डब्याचं झाकण आता नीट बसत नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस तक्रारी येतायत, की गोल फिरत राहतं आणि आकडा जातच नाही. मी सगळ्यांना एकच उत्तर देते, नेटवर्क. थोडा धीर धरा, पुन्हा दाबा. कॅरेट तर एकही राहत नाही, मग रडायचं कशाला?

परवा रविवारी मालनबाईंच्या शेतात गेले होते, फोटो कसे काढायचे ते बायकांना दाखवायला. म्हटलं बसून काय करायचं, तोडायला लागले. तासाभरात बोटं काळी-हिरवी, चिकट, साबणानंही निघेनात. फोटो काढायला मोबाईल धरला तर अंगठ्यानं उघडेना, तीनदा, चारदा, आणि मग लॉकच पडला. हा मोबाईल बदलायला हवा. बायका खूप हसल्या. मालनबाईंनी विचारलं, घरी कधी पोचतेस गं रोज. मी म्हटलं, आठला. त्या म्हणाल्या, तरीच.

काय तरीच? विचारायचं राहून गेलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

नवरात्र बसल्यापासून झेंडूला उसंत नाही. शून्य अजून टिकून आहे, सलग तेरा दिवस. बैठकीत बोलायचं भाषण लिहायला घेतलं. पहिलं वाक्य: ‘भरगाडी आल्यापासून वडगावचा एकही कॅरेट मागे राहिला नाही.’ वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.

आबांचा फोन अजूनही बिझी. स्थळ मोठं दिसतंय, एवढं बोलणं चाललंय म्हणजे.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज दसऱ्याच्या मालाचा मोठा दिवस. जसं झालं तसं लिहिते.

सहाला पाच मिनिटं कमी असताना सम्राट खुर्चीतून उठला. एकाच वेळी सगळे आले होते. सगळे, आणि प्रत्येकाच्या आकड्यासोबत चार चार फोटो. सहा वाजून दोन मिनिटांनी सर्व्हर झोपला. सम्राटनं उठवला, तो पुन्हा झोपला. अकरा जणांचे आकडे आले होते. सत्तेचाळीस जणांचे नाहीत. आबांना फोन लावला, बिझी. दत्ताला लावला, बिझी. मालनबाई उचलत नव्हत्या. वर्षाचा झेंडू तोडून लोक बसलेत, टेंपो एकच येणार, आणि उद्या त्या शिळ्या फुलांना कोण विचारतंय. मी स्कूटर काढली. न्हावऱ्यापर्यंत तर मी रडतच होते, हेल्मेटमध्ये, मोठ्यानं.

साडेसातला डेअरीवर पोचले. तिथं पाच टेंपो उभे. दोन भरून झालेले, तिसऱ्यात कॅरेट चढतायत, कुणी ओरडत नाही, कुणी धावत नाही. आणि भिंतीवर फळा, वरपासून खालपर्यंत भरलेला, एवढाल्या अक्षरांत. अठ्ठावन्न नावं, शेवटच्या चार-पाचांचे आकडे तेवढे बाकी.

मी बघत उभी राहिले. धार लांबलेल्या त्या चार-पाच जणांची रांग डेअरीसमोर अजून होती. माणूस यायचा, दुधाची किटली आबांपुढं ठेवायचा, आबा फॅट काढायचे. तेवढ्यात माणूस म्हणायचा, आबा, बावीस. आबा वळून खडूनं बावीस लिहायचे. किटली उचलून माणूस जायचा. झालं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तोडा संपल्याशिवाय किती कॅरेट ते कुणालाच माहीत नसतं, आणि तोडा संपला की धार काढायची, आणि धार काढली की डेअरी. सकाळी सहापासून मोबाईलवर आकडा टाकणार कोण? सगळं गाव सहाच्या ठोक्याला इथं असतं. दहावीपर्यंत मीही रोज किटली घेऊन याच रांगेत असायचे! शिकायला गेले, नोकरीला गेले, आता शिरूरला जाते, आठला घरी येते आणि दुधाची वेळच विसरून गेले. करिश्माला गणित करून दाखवत होते मी.

दत्ताला बाजूला घेतलं. तो आधी टाळत होता, मग सांगितलं. रोज सातच्या आधी आबा त्याला फोन करायचे, त्याच्या मोबाईलवरची यादी वाचून घ्यायचे, फळ्याशी ताडून बघायचे, आणि जी नावं ॲपातून आली नाहीत ती तोंडी सांगायचे. पहिल्या दिवसापासून. दौंडकडचं स्थळ म्हणजे दत्ता, कुरकुंभजवळच्या गावातला, दोन लेकरांचा बाप.

मी त्याला विचारलं, मला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, “आबा म्हणले, कॅरेट आपुन सांभाळू. बाकीचं तिचं काम हाय, ती बघंल. येळ लागंल पर बघंल.”

१० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ऑफिसात गेले आणि भिंतीवरचं शून्य काढून टाकलं. मग जे झालं ते दोघांना सांगितलं. सम्राटनं चहा टाकला. तो चहा टाकतो म्हणजे प्रकरण गंभीर आहे. करिश्मा उठली, चकलीचा डबा आणला आणि माझ्यापुढं उपडा केला. ‘मी सांगितलं होतं’ असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

एकोणीस पिवळ्या चिठ्ठ्या. एकेक वाचली आणि प्रत्येकीला मला फळाच आठवत गेला. उन्हात दिसलं पाहिजे: दिसतो. चष्म्याशिवाय: वडाखालून वाचता येतो. ओल्या, चिकट हातानं: खडू आबांच्या हातात, शेतकऱ्याला नुसतं तोंड लागतं. रेंज गेली, वीज गेली, सगळे एकदम आले, सगळ्याला त्याच्याकडं उत्तर. एका चिठ्ठीवर होतं, आकडा पोचला हे टाकणाऱ्याला कळलं पाहिजे. फळ्यावर तर डोळ्यांदेखत लिहिला जातो. आमच्या ॲपात नुसतं गोल फिरत होतं. त्या दिवशी डेअरीवर मी रागारागानं फळ्याचे जे दोष काढले होते, ते सगळे मी याच वहीत उतरवून ठेवलेत. आता वाचून दाखवले. करिश्मा इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग मलाही हसू आवरेना.

ठरलं असं. फोटो आज काढून टाकायचे; ते माझंच खूळ होतं आणि सर्व्हर त्यांनीच पाडला. एकही नवी पांढरी चिठ्ठी नाही. आधी तीन पिवळ्या: आकडा मोबाईलमध्येच जपून ठेवायचा आणि रेंज आली की पाठवायचा, पोचला की मोठी हिरवी खूण दाखवायची, आणि सगळे एकदम आले तर एकामागं एक रांगेत घ्यायचे. सम्राट म्हणाला, रांग म्हणजे डेअरीसारखी? व्हय, म्हटलं, डेअरीसारखी.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज पहिल्यांदा आम्ही तिघंही सहा वाजता डेअरीवर. बसून काम बघितलं, बोललो नाही. चौपन्न जणांना हिरवी खूण आली, चौघांना नाही. दोघांचे मोबाईल फार जुने, एकीच्या हाताला चीक, आणि सोपानराव मोबाईल घरी विसरून आलेले. ती चारही नावं आबांनी दत्ताला सांगितली, आणि या वेळी माझ्यासमोर.

मग आबांनी मला वडाखाली नेलं. म्हणाले, रविवारी बैठकीत हे काढायचं कारण न्हाई. कॅरेट राह्यला न्हाई एवढं लोकांला ठावं हाय, तेवढं बास. दत्ता बोलणार न्हाई, मी बोलणार न्हाई. तुमचं काम आता सुधरतंय, मग मागचं कशाला उकरायचं?

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खोटं कशाला लिहू, हायसं वाटलं. भाषणाचं पहिलं वाक्य तर खरंच आहे. एकही कॅरेट मागं राहिला नाही. मी फक्त तेवढंच म्हणायचं आणि थांबायचं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात वंदनेला गेलो, आई, आबा आणि मी, पांढऱ्या कपड्यांत. गर्दी होती. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या मुसावादा वेरमणीला, माझा आवाज गेला. चार वर्षांची असल्यापासून म्हणतेय, कधी अडले नव्हते. शेजारी आबा खणखणीत आवाजात म्हणत होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

घरी येऊन भाषण फाडलं. उद्या सांगितलं तर बहुधा नाही म्हणतील. एकोणीस दिवस आमचं ॲप चाललं म्हणून लोक खूश आहेत आणि ते चाललंच नव्हतं, हे ऐकून कोण ठेवेल? खोली जाईल. सम्राटला कुठंही काम मिळेल, करिश्मालाही. मला पुण्याला जायचं नाही. मला इथंच राहायचंय, याच गावात, हे आज पहिल्यांदा इतकं सरळ लिहिलं.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सांग बाई एकदाची. न्हाईतर मलाच सांगावं लागंल.” ती असं का म्हणाली कळलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

हॉल भरलेला. पुढं मालनबाई, बाजूला भांडगावचे चौघं. मी उभी राहिले, पडदा लावलाच नाही. सांगितलं की एकही कॅरेट राहिला नाही हे खरं आहे, पण ते आमच्यामुळं नाही. रोज किती आकडे आमच्याकडं पोचलेच नाहीत ते सांगितलं. नऊ तारखेला सत्तेचाळीस. ते सगळे म्हाळू आबांनी फळ्यावरून सांभाळले. दुधाची वेळ मी विसरले होते, फोटोही माझेच, करिश्मानं आधीच लिहून ठेवलं होतं आणि मी डब्यात घातलं. शेवटी म्हटलं, आता तुम्ही ठरवा.

भांडगावचे एकमेकांकडं बघायला लागले. मग मालनबाई म्हणाल्या, “आगं, ही गोष्ट समद्या गावाला ठावं हाय.”

मला आधी कळेचना. मग कळलं आणि वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. अर्थात माहीत असणार! फळ्यावर रोज आकडा सांगणारे तेच होते ना! अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न जण. रोज मोबाईलवर बटण दाबायचे, मग आबांना सांगायचे. आईसुद्धा, दूध घालायला जायची तेव्हा बघायचीच. एकट्या मलाच माहीत नव्हतं.

मालनबाई पुढं म्हणाल्या, “पोरगी पुण्याची नोकरी टाकून गावात आली, लगीच कसं मोडता घालायचा? म्हणून दाबत हुतो बटान. पर मी ठरवलं हुतं, आज ही खरं बोलली तर ठेवायचं. शून्याचं कौतुक सांगत बसली तर काढायचं.”

मी खाली बसले. सोपानराव हसायला लागले आणि मग सगळा हॉल. माझे डोळे भरून आले आणि मी तेही लपवलं नाही.

अटी तीन पडल्या. फळा राहणार. डब्यातल्या चिठ्ठ्या संपेपर्यंत नवं काही करायचं नाही. आणि आम्ही रोज सकाळी साडेनऊला शिरूरच्या खोलीत उभ्याउभ्या जी बैठक घेतो, ती इथून पुढं संध्याकाळी सहाला डेअरीवर घ्यायची, रांगेशेजारी, म्हणजे काय बिघडलंय ते समोरच सांगता येईल. करिश्मानं माझ्याआधी हो म्हटलं.

भांडगावचे उठून गेले असते तरी मी काही म्हटलं नसतं. त्यांच्यातल्या एकानं हात वर केला आणि विचारलं, आमच्याकडं फळा नाही, त्याचं काय? मालनबाईंनी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, सुताराला माप मी देतो, आणि पहिला आठवडा येऊन बसतो. मग भांडगावचे म्हणाले, ठीक हाय, फळा बी घेतो आन् ॲप बी. आधी फळा.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

वही दहा-बारा दिवस उघडली नाही, कारण रागावायला वेळच मिळाला नाही. डब्यात आता पाच चिठ्ठ्या उरल्यात. चिकट हातांवर करिश्मानं तोडगा काढला, आकडा बोलून टाकायचा. आबा म्हणाले, हे तर आम्ही पहिल्यापासून करतोय.

आज सहाला डेअरीवर. सव्वासहापर्यंत अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न हिरव्या खुणा. सम्राटनं तीनदा मोजल्या. रांग नेहमीसारखी होती, पण आज माणसं किटली ठेवायची, दूध घालायची आणि सरळ निघायची. आबा खडू हातात धरून बसलेले आणि फळ्यावर नुसती नावं, आकडा एकही नाही. मला वाटलं होतं या दिवशी मी नाचेन. आबांकडं बघून जीव थोडा थोडा झाला.

मग आबा उठले आणि फळ्याच्या वरच्या कडेला एक ओळ लिहिली: ‘मोबाईलवर टाकलं तरी सांगून जावा.’ निघालेले दोघं-तिघं मागं फिरले. आबा, अठरा. आबा, तीस, आणि उद्या बहुतेक कमी. आबांचा खडू चालू झाला.

आई आज कणकण म्हणून घरीच होती, त्यामुळं किटली माझ्याकडं होती. शाळेनंतर पहिल्यांदाच. माझा नंबर आला, किटली ठेवली. आबांनी फॅट काढली आणि सवयीनं विचारलं, किती?

म्हटलं, “आबा, माझं काय शेत हाय का? शून्य.”

ते वळले. अठ्ठावन्न नावांच्या खाली जागा करून एवढाल्या अक्षरांत लिहिलं, गौतमी, आणि पुढं शून्य. मग मागच्याला म्हणाले, चल, पुढं ये. मी किटली घेऊन वडाखाली गेले आणि तिथून वाचलं. चांगलं स्पष्ट दिसत होतं.